यंत्राची जागा

टेबल शुक्रवारीच आलं, लॅपटॉप कुठला घ्यायचा हे ठरायच्याही आधी. दयानंद सुताराने ते जिन्यावरून वर चढवलं, पुढच्या खोलीत खिडकीखाली लावलं, वायर जायला मागे पाडलेलं भोक कौतुकाने दाखवलं आणि तो गेला. अजितने त्यावर एक जुनी चादर टाकून दिली. चादरीखाली काय आहे हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं, पण दोन दिवस त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याची बायको संध्या केर काढताना चादरीचं टोक उचलायची, खालून केरसुणी फिरवायची आणि टोक पुन्हा होतं तसं सोडायची.

त्यांच्या लेकीला, आर्याला, कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला होता, तो पार शहराबाहेर, देवनहळ्ळीच्याही पलीकडच्या कॉलेजात. तिथल्या होस्टेलवर तिच्या नावाची एक खोली धरून ठेवलेली होती, आणि हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. घराजवळून, मल्लेश्वरमहून, कॉलेजची बसही सुटायची, सकाळी सहाला. जायला दोन तास, यायला ट्रॅफिकच्या मर्जीप्रमाणे. आर्याला होस्टेलवर राहायचं होतं. अजितला ती घरी हवी होती. पण सरळ नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. नाही म्हणायच्या ऐवजी तो टेबल करून घ्यायचा.

आणि त्या टेबलामागचा हिशेब कळायला ह्या घरचा नियम ठाऊक असायला हवा. अप्पा, म्हणजे अजितचे वडील कल्लाप्पा, निपाणीहून पहिला टाइपरायटर घेऊन बेंगळुरात उतरले, ते मशीन खांद्यावर मारून स्टेशनपासून चालत आले आणि दमून जिथे टेकवलं तिथेच त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेव्हापासून ठरून गेलं की ज्याचं यंत्र, त्याने ते स्वतः उचलून घरात आणायचं. आणि तो ते पहिल्यांदा जिथे ठेवेल तिथे त्याची जागा, कायमची. संध्या लग्नानंतर वर्षभरात शिलाईमशीन घेऊन वर आली आणि धाप लागून तिने ते बोळातच ठेवलं. बावीस वर्षं ह्या घरची माणसं बोळातून आडवी होऊन जातात, पण मशीन हलवण्याची भाषा कुणी करत नाही.

तेव्हा अजितचं गणित सोपं होतं. लॅपटॉप मोठा घ्यायचा, जाडजूड, सतत वायरीला बांधलेला. असलं धूड रोज कोण वागवणार? ते टेबलावर राहील. आणि यंत्र घरी राहिलं की पोरगीही घरी राहील.

रविवारी सकाळी मंडळी जमली. के. आर. पुरमहून अहल्याक्का आली, अजितची थोरली बहीण, मेट्रो बदलून, हातात सोललेल्या अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचा, डबा घेऊन. पाठोपाठ संध्याचा भाऊ सुशांत आला. सात वर्षं बेंगळुरात आयटीत काढूनही त्याचं पुणं काही उतरलं नव्हतं. त्याने आल्या आल्या स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि स्क्रीनवर एक भलाथोरला तक्ता पसरला.

"दाजी, बेसिकली चार वर्षांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "फ्यूचर-प्रूफच पाहिजे. प्रोसेसर लेटेस्ट. सोळा जीबी रॅम मिनिमम, पुढे बत्तीस करता आली पाहिजे. एक टीबी एसएसडी. आणि ग्राफिक्स कार्ड तर मस्ट, एआय-एमएल करणार ना ही?"

"मामा, पहिल्या वर्षाला सी शिकवतात," आर्या म्हणाली. ती जमिनीवर, चादर टाकलेल्या टेबलाकडे पाठ करून बसली होती. "सी आणि गणित. त्याला ग्राफिक्स कार्ड कशाला? जड मॉडेल चालवायचं असेल तर लॅबच्या सर्व्हरवर चालवतात, लॉगिन करून. सीनियर्सनी सांगितलंय. मला बॅटरी दहा तास टिकणारी हवी आणि वजनाला हलका हवा."

"अगं, पण गेमिंगचा घेतलास तर कूलिंग बेस्ट असतं. डिस्प्ले मोठा. परफॉर्मन्स म्हणजे काय सांगू तुला!"

"होय की," अजित घाईघाईने म्हणाला. "कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं बरं. स्क्रीन मोठा असला म्हणजे डोळ्यांनाही बरं."

मेव्हण्याचा इतका बिनशर्त पाठिंबा सुशांतला सात वर्षांत मिळाला नव्हता. तो फुलून गेला. त्याला ग्राफिक्स कार्डाचा मोह पडला होता आणि अजितला वजनाचा. दोघे एकाच लॅपटॉपच्या बाजूने होते, कारणं मात्र निराळी.

"मोठंच घ्यावं," अक्कानेही दुजोरा दिला. "दणकट असतंय. लहानसहान वस्तू काय, चार दिवसांत मोडून जातात."

"वन्सं, रोज पाठीवर तिला घ्यायचंय," संध्या स्वयंपाकघरातूनच म्हणाली. एवढंच म्हणाली, पण ती कुणाच्या बाजूची आहे ते सगळ्यांना कळलं.

अप्पा इतका वेळ खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला झोप लागली असं समजून सगळे मोकळेपणाने बोलत होते. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "वजन किती?"

"अप्पा, वेट हा एवढा मोठा इश्यू नाहीये," सुशांत म्हणाला.

"तुझं ते रॅम-बीम मला कळत नाही, बाबा. वजन कळतंय. किती?"

सुशांतने तक्त्यात बोट फिरवलं. "मोठ्याचं दोन किलो चारशे. हा दुसरा, आर्याच्या पसंतीचा, एक किलो तीनशे. पण ह्यात एक प्रॉब्लेम आहे. ह्याची रॅम बोर्डावरच डकवलेली येते. नंतर वाढवता येत नाही. जे काय घालायचं ते घेतानाच."

ते वाक्य अजितच्या कानात का कोण जाणे अडकून राहिलं. नंतर वाढवता येत नाही. जे काय घालायचं ते घेतानाच. त्याची तंद्री लागली. घरात त्याच्या तंद्रीची थट्टा व्हायची. खाली त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं, तिथेही गिऱ्हाईक समोर उभं असताना हा कधी कधी दुसरीकडेच असायचा. त्याच जागेत पूर्वी अप्पांच्या तीस मशीनांची खडखड चाले. आज तिथे एक झेरॉक्स मशीन गुणगुणतं. पण अजितला निवांत वेळी ती तीसच्या तीस मशीनं अजून ऐकू यायची.

"अजित," अप्पा म्हणत होते. "रोज हे कोण उचलणार?"

"मी नेऊन देईन की बसपर्यंत," तो भानावर येत म्हणाला. "सकाळचं काय, आठव्या क्रॉसपर्यंत तर जायचं."

"सरी, बरं. मग तूच उचलून बघ."

ह्या घरात असल्या गोष्टी बोलून सोडून देत नाहीत. अक्काने लगेच कणीक-डाळीचा काटा काढला. तूरडाळीच्या दोन पिशव्या, वर एका कागदी पुडीत चारशे ग्रॅम, असं दोन किलो चारशे मोजून आर्याच्या कॉलेजच्या बॅगेत भरलं. सुशांत बघत राहिला. त्याच्या ऑफिसात लॅपटॉप निवडायला तीन मीटिंगा लागायच्या, पण डाळ कुणी भरली नव्हती.

एक गोष्ट त्याच्या तक्त्यात नव्हती, आणि ती अजितला माहीत होती. त्या मोठ्या लॅपटॉपच्या चार्जरचं वजन निराळं होतं, पाऊण किलोच्या वर, वीटच ती. गेल्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाईक नसताना त्याने ते वाचून ठेवलं होतं. आता त्याने तोंड उघडलं नाही. बॅग पाठीला लावली आणि तो जिना उतरला. आर्या मागोमाग निघाली.

ढगाळ, मऊ उजेड होता. घराच्या गल्लीत, पंधराव्या क्रॉसवरच्या झाडांखाली तो आणखीनच मऊ झाला होता. येत्या शुक्रवारी वरमहालक्ष्मीचा सण, त्यामुळे संपिगे रोडला फुलांची गर्दी आत्तापासूनच सुरू झालेली. बादल्यांमधून कमळाच्या मिटलेल्या कळ्या, भिंतीला टेकवलेले केळीचे खांब, केवड्याचा वास. अजित बॅग सावरत चालला होता. आर्या बाजूने, कधी दोन पावलं पुढे. तिच्या हातात काही नव्हतं. हात हलवत, मधूनच एखाद्या कळीला बोट लावत ती चालली होती, आणि अजितच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक वर्षांत त्याने तिला असं मोकळ्या हातांनी चालताना पाहिलेलंच नाही. शाळेचं दप्तर, ट्यूशनची पिशवी, सीईटीची जाडजूड पुस्तकं. पाठीवर काही ना काही असायचंच. इतकी उंच कधी झाली ही?

"जड आहे, बाबा?"

"छे! काय जड त्यात."

मागे पंखांची फडफड झाली. अजितला वाटलं, फुलवाल्याने पाण्याचा हबका मारला असेल.

"बाबा, मला जायचंय तिकडे राहायला," आर्या म्हणाली. समोर बघतच म्हणाली.

"घरात काय कमी आहे तुला?"

"काहीच कमी नाही. म्हणूनच तर." ती थांबली, योग्य शब्द सापडेपर्यंत. "इथं मला काही लागायच्या आधीच कुणीतरी ते करून ठेवतं. डबा भरलेला असतो, छत्री दाराशी असते. मी काय काय विसरते हेच मला माहीत नाही. मला एकदा बघायचंय. जेवायचं विसरते, की चार्जर विसरते, की तुम्हाला फोन करायचं विसरते."

"फोन करायचं विसरशील?"

"ते नाही विसरणार." ती हसली, मग लगेच गंभीर झाली. "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार, बाबा. खरंच नाही जाणार. पण मग नको असं म्हणा. टेबल करून घेऊ नका."

समोर कमळं विकणारी बाई बसली होती. अजितने कानडीत भाव विचारला, घासाघीस न करताच दोन कळ्या घेतल्या आणि आर्याच्या मोकळ्या हातात दिल्या. त्याला देता येण्यासारखं त्या घटकेला एवढंच होतं. परत फिरताना तो तिच्या लहानपणात हरवला. बोट धरून चालणारी आर्या, खांद्यावर झोपलेली आर्या. ह्या सगळ्या आर्या मल्लेश्वरमच्या ह्याच फुटपाथवरून त्याच्या आगेमागे चालत होत्या, आणि त्यांतली एकही त्याला सोडून द्यावीशी वाटत नव्हती.

घरी येऊन त्याने बॅग धाडकन नव्हे, अगदी अलगद खाली ठेवली. "बघा. काही जड नाही," तो म्हणाला. "उलट येताना तर हलकंच वाटलं."

अक्काने बॅगेत हात घातला आणि एक पिशवी वर काढली. ती निम्मी रिकामी होती. बॅगेच्या तळाशी शिवण उसवली होती, पिशवीला कोपऱ्यात भोक पडलं होतं, आणि आठव्या क्रॉसपासून थेट जिन्याच्या पायरीपर्यंत तूरडाळीची बारीक रेघ उमटली होती. सुशांतने गॅलरीतून वाकून पाहिलं. "दाजी, तुमच्या मागे मिरवणूक आलीय," तो म्हणाला. खाली फाटकाशी वीस-पंचवीस कबुतरं जमली होती आणि मोठ्या निष्ठेने टिपत वर सरकत होती.

सगळे खो खो हसत सुटले. संध्या पदर तोंडाला लावून हसली, अप्पांचे खांदेसुद्धा हलले. अक्काने काट्यावर ठेवून पाहिलं तर एक किलो नऊशे. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अजितही हसला, पण त्याला ते हसू पुरं होईना. आर्या त्याच्याकडे बघत होती, हातात कमळाच्या दोन कळ्या घेऊन. आता गप्प बसलं तर खोटं वजन दुप्पट होतं.

"अक्का, त्यात आणखी सव्वा किलो घाल," तो म्हणाला.

"कशाला की?"

"जेवढी सांडली तेवढी. आणि त्या मोठ्याचा चार्जर निराळा असतो. पाऊण किलोच्या वर. मला माहीत होतं. बोललो नाही मी."

सुशांतने तक्ता वरखाली केला. "अरे, ॲडाप्टर राहिलाच माझ्याकडून," तो ओशाळून म्हणाला. "म्हणजे तीन किलोच्या वर जातं की ते. नाही दाजी, मग नको. रोज तीन किलो म्हणजे टू मच. हलकाच घ्या. रॅम मात्र आत्ताच सोळा भरून घ्या."

असा एका मिनिटात अजितचा पहिला साथीदार पलीकडे गेला. राहिली अक्का. तिने डाळीची बॅग हातात तोलून पाहिली, खाली ठेवली आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेली. तिथे, नव्या टेबलाला लागूनच, मेणकापडाखाली तिचा टाइपरायटर होता.

"माझं मशीन पंधरा किलोचं," ती म्हणाली. "एकटीने वर आणलं होतं मी. इथं ठेवलं. मग पुन्हा उचलायचं कारणच पडलं नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव सांगितल्यासारखा. "पोरीला हलकं घे, अजित."

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

"बरं," अजित म्हणाला. "लॅपटॉप हलका घेऊ. होस्टेलचं मग बघू."

आर्याने मान हलवली. मग बघू म्हणजे काय, हे तिला जन्मापासून माहीत होतं.

दुपारी जेवणं आटोपून तिघं लॅपटॉपच्या दुकानात गेली, अजित, आर्या आणि सुशांत. लॅपटॉप ओळीने उघडून ठेवले होते, प्रत्येकाच्या पडद्यावर कुठला तरी बर्फाचा डोंगर. अजित आर्याच्या पसंतीच्या यंत्रापुढे उभा राहिला. बोटं आपोआप जागेवर गेली, डाव्या हाताची चार, उजव्या हाताची चार, आणि त्याने इन्स्टिट्यूटचा पहिल्या दिवसाचा धडा मारला. आवाज जवळजवळ नव्हताच. कापसावर बोटं टेकल्यासारखं वाटलं. तीस मशीनांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला ही शांतता चमत्कारिक वाटली, पण वाईट नाही वाटली.

"आठ जीबीचा स्वस्त आहे, सर," विक्रेता हिंदीत म्हणाला.

"नको, सोळाच," अजित म्हणाला. "ह्यात नंतर घालता येत नाही."

आणि तिथे, त्या गार पांढऱ्या उजेडात, तो मनातल्या मनात मोजू लागला, हिच्यात आपण काय काय घातलं. भात लावता येतो. कानडी येतं, ऑटोवाल्याशी भांडण्याइतकं. चूक झाली तर कबूल करते, हे मात्र आईकडचं. पोहायला शिकवायचं राहिलं. रडू आलं तर कुणाकडे जायचं ते सांगायचं राहिलं. कारण आपणच असणार, असं धरून चाललो होतो. अठरा वर्षं पुरेशी असतात का? विक्रेत्याने हसून बिल पुढे केलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. रिवाजाप्रमाणे खोका खालच्या दुकानातच फोडला. आर्याने लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला, ताट घ्यावं तसा, आणि एकोणीस पायऱ्या चढून आली. वर सगळे उभे होते. अप्पासुद्धा खुर्चीतून उठून काठी टेकून उभे राहिले होते. संध्याने तिच्यावरून पाणी ओवाळून टाकलं. मधल्या वेळात कुणीतरी टेबलावरची चादर काढली होती. सागाचं नवं लाकूड खिडकीतल्या तांबूस उजेडात चमकत होतं. अजितने संध्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. झाकून ठेवण्यासारखं आता काही नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं बहुतेक.

आर्या उंबरा ओलांडून आत आली. बोळाशी क्षणभर थांबली. मग तिने अजितकडे पाहिलं, एकदाच, आणि ती टेबलाकडे चालू लागली.

ती नजर अजितने पूर्वी पाहिली होती. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अक्काला धारवाडला बँकेत नोकरीचा कॉल आला होता आणि त्याच आठवड्यात अप्पांनी तिच्यासाठी नवं मशीन घेतलं होतं, घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करायला. पंधरा किलोचं मशीन पोटाशी धरून अक्का ह्याच उंबऱ्यातून आत आली होती, आणि तिने अप्पांकडे असंच पाहिलं होतं. अप्पा काही बोलले नव्हते. त्यांची नजर फक्त कोपऱ्याकडे गेली होती. अक्काने मशीन तिथे ठेवलं, आणि मग किती प्रबंध, किती वर्षं. धारवाडचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. कुणी तिला नको म्हणालंच नव्हतं.

आर्या टेबलाशी पोचली. तिने हात खाली न्यायला सुरुवात केली. चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. ती त्याच्यासाठी ठेवत होती, आणि तेच अजितला सोसवेना.

"थांब," तो म्हणाला.

आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. कोपऱ्यात डाळीची बॅग पडली होती. दुकानात जायच्या आधी संध्याने तिची उसवलेली शिवण मशीनवर दुहेरी घालून ठेवली होती. अजितने बॅग उलटी करून झटकली. राहिलेले चार दाणे टपटप फरशीवर पडले. मग त्याने दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडून धरलं, आर्याच्या पुढ्यात.

"ह्यात ठेव."

"बाबा, एकदा ठेवलं की तीच जागा," आर्या हळूच म्हणाली. लॅपटॉप टेबलाच्या वर वीतभर तसाच राहिला होता.

"माहीत आहे की मला. ह्याच घरात वाढलोय." त्याने बॅगेचं तोंड आणखी रुंद केलं. "तू जा, आर्या. मला नको आहे तू गेलेली. पण तू जा."

तिने लॅपटॉप बॅगेत ठेवला. बॅग हातात धरून अजितला कळलं, खरंच किती हलकं असतं ते. मग सगळ्यांच्या नजरा अप्पांकडे वळल्या, कारण नियम त्यांचा होता, आणि घराच्या बाहेर जाणारी जागा आजवर कुठल्या यंत्राला मिळालेली नव्हती. अप्पा बॅगेकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि कितीतरी वेळ मेणकापडाखालच्या मशीनकडे पाहत राहिले.

"सरी," ते म्हणाले. "उद्या कळव त्यांना." आणि थोड्या वेळाने, अजितशी नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसं म्हणाले, "मी नुसतं बघितलं होतं तिकडं, अहल्या. तोंडाने बोलायला पाहिजे होतं."

"आता काय त्याचं, अप्पा," अक्का म्हणाली. पण ती त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या काठीवरच्या हातावर तिने आपला हात ठेवला. तो तिने लवकर काढला नाही.

"टेबलाचं काय करायचं?" सुशांतने विचारलं. घरात इतकं काही झाल्यावर गप्प बसणं त्याला जमत नव्हतं.

"मी बसेन की तिथं," अजित म्हणाला. "तिचा फोन आला म्हणजे."

आर्याने बॅग पाठीला लावली, पट्टे ओढून घेतले, एकदा उडी मारल्यासारखं करून वजन जागेवर बसवलं. दोन्ही हात मोकळे झाले होते. त्या मोकळ्या हातांनी तिने सगळ्यांत आधी बापाला मिठी मारली.